अलाइनमेंटच्या आधी गाडी जॅकवर घ्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्त्यांतल्या खड्ड्यांवर आपल्या सदरात दर पावसाळ्यात पत्रे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण त्याच खड्ड्यांतून रोज गेलेल्या गाडीचे खालून काय झाले असेल, यावर कोणी लिहिताना दिसत नाही. मला त्याबद्दल लिहायचे आहे, आणि तेही जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगबद्दल. सोलापुरात दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या घरोघरी आहेत. नवी घेण्याची ऐपत किंवा इच्छा नाही, गाडी अजून चांगली चालते, म्हणून लोक ती जपतात. जपताना सीट कव्हर बदलतात, रंग मारून घेतात, टेप बसवतात. ज्या सांध्यांवर घरच्या सगळ्यांचा जीव अवलंबून आहे तिकडे मात्र बघायचे राहून जाते.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रमाग जुळवणारा-दुरुस्त करणारा कारागीर होतो. यंत्रमागाच्या एखाद्या सांध्यात सूतभर ढिलाई आली की ती आधी कापडावर दिसते, मशीनचा खडखडाट नंतर ऐकू येतो. गाडीचेही तसेच आहे. आधी टायरवर दिसते, मग स्टेअरिंगला जाणवते, आणि तरीही दुर्लक्ष केले तर पुढचे सांगायला नको.

माझ्याकडे मारुती ८०० आहे. १ एप्रिल २०१० रोजी देशातल्या ज्या १३ शहरांत भारत स्टेज-४ चा धुराच्या प्रदूषणाचा नियम आधी लागू झाला, त्यांत आपले सोलापूर होते. तेव्हापासून ही गाडी इथे नवी मिळणे बंद झाले. म्हणजे सोलापूर शहरात नवी म्हणून घेतलेली कोणतीही ८०० आता पंधरा वर्षांच्या पुढची आहे. जानेवारी २०१४ मध्ये तर तिचे उत्पादनच थांबले. तरीही तिचे पार्ट मिळतात, कुठल्याही मिस्त्रीला ती तोंडपाठ असते, आणि पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळे रस्ता थेट तळहाताला कळतो. म्हणूनच ती मी ठेवली आहे.

ही गाडी मध्यंतरी डावीकडे ओढू लागली. पुढच्या डाव्या टायरची आतली कड खाल्ली गेली होती, बाहेरची कड मात्र नव्यासारखी. वाहन सरळ ठेवायचे तर स्टेअरिंग थोडे उजवीकडे धरून ठेवावे लागे. टायरच्या दुकानात नेली, त्यांनी अलाइनमेंट केले, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवले, सगळे आकडे हिरवे आले, पैसे दिले. काही आठवड्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानात गेलो, तिथेही अलाइनमेंट, तिथेही हिरवे आकडे. दोन्हीकडची पोरे कामाला चांगली होती, मशीनही नवे होते. पण चाक उचलून, हाताने हलवून पाहावे असे एकालाही वाटले नाही.

मशीन खोटे बोलत नाही. पण अलाइनमेंट करताना गाडी एका जागी उभी असते. चाके त्या क्षणी जशी उभी आहेत, तेवढेच मशीन मोजते. रस्त्यावर आल्यावर ब्रेक दाबला, खड्ड्यात चाक आपटले, की सांधा जेवढा सैल तेवढे चाक आपल्या मनाने हलते. मग त्या आकड्यांना काय अर्थ राहिला? स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्याला टाय रॉड एंड म्हणतात, थोडक्यात एंड. झिजलेल्या एंडवर केलेले अलाइनमेंट म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, आणि त्याहून वाईट म्हणजे मनाला मिळालेला खोटा भरवसा.

शेवटी अशोक चौकाजवळच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी आधी हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली स्टँड ठेवला. मग चाक डावीकडून आणि उजवीकडून, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरावे तसे, दोन्ही हातांनी धरले आणि आत-बाहेर हलवले. टक, टक. मोठा आवाज नव्हता, पण हाताला स्पष्ट लागत होता. पोराला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवले. आवाज तसाच. ब्रेक दाबल्यावर आवाज बंद झाला असता तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असता. मग चाक वरून-खालून, बारा आणि सहावर धरून हलवले, तिथे काही नाही, म्हणजे खालचा बॉल जॉइंट (चाकाला गाडीखालच्या आडव्या आर्मशी जोडणारा गोळ्याचा सांधा) शाबूत. पुढे पोरगा चाक हलवत राहिला आणि मिस्त्रींनी एक हात टाय रॉड एंडवर, दुसरा रॅकच्या, म्हणजे स्टेअरिंगसोबत सरकणाऱ्या दातेरी दांड्याच्या, रबरी बुटावर ठेवला. बुटाच्या आत रॅक एंड, म्हणजे आतल्या बाजूचा सांधा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, तो असा दाबून हाताने ओळखायचा. "काका, रॅक एंड चांगला हाय. बाहेरचा गेलाय. तुमी पण हात लावून बघा की." मी हात लावला. दांडा आणि चाक यांच्या मध्ये, त्या बोटभर सांध्यात, सरळ सरळ हालचाल कळत होती. सगळी तपासणी चहा येईपर्यंत झाली. दोन दुकानांतल्या महागड्या मशीनला जे सापडले नाही ते या दोन हातांना सापडले.

काढलेला एंड मी मागून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे. रबरी टोपण एका बाजूने उभे चिरलेले. आत ग्रीस असायला हवे तिथे काळ्या मातीचा सुकलेला लगदा आणि गंजाची लाल भुकटी. एंड आडवा धरला की त्याची गोळ्याची पिन स्वतःच्या वजनाने खाली लवंडते. नवा एंड मिस्त्रींनी शेजारी दिला, त्याची पिन अंगठ्याने जोर लावून ढकलावी लागत होती आणि जिथे सोडावी तिथेच थांबत होती. जुना आणि नवा असे दोन्ही हातांत घेतले की शाळेत न गेलेल्या माणसालाही फरक कळेल. प्रत्येक गिऱ्हाइकाने जुना पार्ट हातात मागून घ्यावा, असे मी म्हणतो ते यासाठी. आपला हक्क आहे तो, मागितला म्हणून चांगला मिस्त्री कधी चिडत नाही.

हा भाग काय करतो हे थोडक्यात लिहितो. स्टेअरिंग फिरवले की रॅक डावी-उजवीकडे सरकतो, रॅकच्या टोकाला रॅक एंड, त्यापुढे दांडा, आणि दांड्याच्या टोकाला हा टाय रॉड एंड, जो चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाला) जोडलेला असतो. रस्त्याचा प्रत्येक धक्का या गोळ्यावर येतो. आपल्याकडे त्यात तीन गोष्टींची भर पडते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा रबरी टोपण कडक होऊन चिरते. पावसाळ्यात त्याच चिरेतून चिखल आत शिरतो. आणि आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ताही लाटांसारखा होतो. त्यावर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. डांबराची कड तुटलेली असते, समोरून ट्रॅक्टर आला की आपले डावे चाक त्या कडेवरून खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. माझ्या पाहण्यात डावीकडचेच एंड आधी जातात, त्याचे कारण मला तरी हेच वाटते.

टाय रॉड एंड निसटला तर त्या चाकाचा स्टेअरिंगशी संबंधच तुटतो. आपण स्टेअरिंग फिरवतो एकीकडे, चाक जाते दुसरीकडे. बॉल जॉइंट निसटला तर चाक मडगार्डखाली दुमडते आणि गाडीचा पुढचा भाग रस्त्यावर बसतो. घराजवळ वळवताना झाले तर क्रेन बोलवावी लागेल एवढेच. तुळजापूरच्या रस्त्याला किंवा पुण्याच्या महामार्गावर वेगात असताना झाले तर काय होईल, ते वाचकांनीच डोळ्यांसमोर आणावे. हे अचानक होत नाही. आधी पुष्कळ दिवस ती टक-टक सांगत असते.

आता बदलण्याच्या कामाबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त हलगर्जीपणा होतो. जुना एंड सोडवायच्या आधी लॉक नटजवळच्या आट्यांवर रंगाची खूण करावी, आणि एंड फिरवून काढताना फेरे मोजावेत. नवा तेवढेच फेरे बसवला तर गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. निमुळती पिन आपल्या भोकात घट्ट अडकलेली असते. ती सोडवायला पुलर (पिन ओढून काढायचे हत्यार) लावावा, नाहीतर ज्या भोकात ती बसलेली असते त्याच्या कड्याला बाजूने हातोडीचे नेमके ठोके द्यावेत. पिनवरच हातोडा घालणारे आहेत, त्यांच्या हाती गाडी देऊ नये. खाचांचा नट असेल तर नट फिरू न देणारी स्प्लिट पिन नवीच घालावी, जुनी सरळ करून परत घालू नये. खाच आणि भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळावा, जुळवण्यासाठी मागे सैल करू नये. आत नायलॉनचे कडे असलेला नट एकदा काढला की टाकून द्यायचा. या गोष्टी काही रुपयांच्या आहेत, पण त्यांच्यावरच सगळे टिकून असते. एंड जोडीने बदलावेत. एक गेला असेल तर दुसऱ्यानेही तेवढेच ऊन-पाऊस पाहिलेले असते. आणि मगच अलाइनमेंट करून घ्यावे, कारण एंड बदलल्यावर चाकांचा कोन हलतोच. माझ्या पुतण्याने फोनवर बघून आपल्या गाडीचे एंड घरीच बदलले. काम नीट केले त्याने, पण त्यालाही मी त्याच दिवशी अलाइनमेंटला पाठवले.

माझ्या गाडीचे दोन्ही एंड कंपनीचे घेऊनही हजाराच्या आत आले. तेवढ्यात एक टायरही येत नाही. काहीजण त्यातही बचत करायला जातात आणि हाताला लागेल तो डुप्लिकेट घेतात. तो दिसायला चकचकीत असतो, पण टोपणाचे रबर पातळ आणि आतले अस्तर कसले ते देवाला ठाऊक. पेटीवर बनवणाऱ्याचे नाव आणि पार्ट नंबर नसेल तर तो पार्ट परत करावा. दुसरा प्रकार त्याहून भयंकर आहे. झिजलेल्या बॉल जॉइंटची कड बाहेरून ठोकून गोळा 'टाइट' करून देणारे, किंवा वेल्डिंगचा टिपका मारून देणारे अजूनही आहेत. पंधरा दिवस आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश. पण झिजलेला गोळा ठोकून जाड होत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतले अस्तर व ग्रीस जळून जाते. बॉल जॉइंट वेगळा मिळत नसेल तर आर्मसकट बदलावा, काही गाड्यांत तो तसाच येतो.

एका गोष्टीवर मात्र मला जास्त लिहायचे आहे, कारण सुशिक्षित माणसेही तिला भुलतात. स्टेअरिंगला प्ले आहे, म्हणजे चाके न वळता ते थोडे मोकळे फिरते म्हटले की काही ठिकाणी लगेच "रॅक टाइट करून देतो" म्हणतात. रॅकच्या खाली एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो, तो आवळला की रॅकचे दाते पिनियनवर (स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकावर) घट्ट बसतात आणि प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. पण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रॅक मधल्या भागात झिजलेला असतो आणि दोन्ही टोकांना जवळपास नव्यासारखा राहतो. मधल्या झिजेच्या हिशेबाने स्क्रू आवळला की पूर्ण वळणावर स्टेअरिंग जड होते, कधी अडकते, आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. विजापूर नाक्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी वळलेले स्टेअरिंग परत आले नाही तर समोर कोण असेल याचा नेम नाही. आधी एंड, बॉल जॉइंट, रॅकचे बुश आणि स्टेअरिंगच्या दांड्याची कपलिंग पाहावी. हे सगळे ठीक असून प्ले राहिला तर आणि तरच रॅककडे वळावे, तेही जाणकाराकडून. रॅकचा रबरी बूट फाटला असेल तर तो तातडीने बदलावा. तो स्वस्त आहे, रॅक नाही.

आता कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टेअरिंगबद्दलच आहे. स्टेअरिंग व्हीलवर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नसावा, स्टेअरिंगच्या जोडांतील सर्व बॉल जॉइंटवर रबरी टोपणे असावीत आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात, असे त्यात सांगितले आहे. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचे अंतर. रॅकच्या छोट्या गाडीसाठी मला तर तेही फार वाटते. पण निदान टोपण आणि पिन यांचा उल्लेख नियमातच आहे, ही किती मोलाची गोष्ट आहे! माझ्या जुन्या एंडचे चिरलेले टोपण म्हणजे सरळ सरळ त्या नियमाचा भंग होता.

अडचण अशी की खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षे असते, आणि तोपर्यंत ही तपासणी कोणी करतच नाही. पीयूसीला फक्त धूर पाहतात. विमा कागदावर होतो. पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते आणि मग दर पाच वर्षांनी. म्हणजे एवढ्या दीर्घ काळात गाडीखाली वाकून पाहणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे आपला मिस्त्री. माझी परिवहन खात्याला विनंती आहे की नूतनीकरणाच्या तपासणीत प्रत्येक गाडी तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यावी, एकाने आत बसून स्टेअरिंग हलवावे, दुसऱ्याने खालून टोपणे, पिना आणि सांधे पाहावेत. एका गाडीला पाच-सात मिनिटांहून जास्त लागणार नाहीत. त्यात दोष निघाला तर मालकाला लेखी द्यावा आणि दुरुस्त करून परत आणायला सांगावे. दोष निघाला म्हणून कोणी गाडी भंगारात काढणार नाही, पाचशे-हजारात ती सुधारते.

टायर आणि अलाइनमेंटच्या दुकानदारांनाही कळकळीची विनंती. गाडी मशीनवर घ्यायच्या आधी चारही चाके हाताने हलवून पाहा. एंड सैल असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, "आधी हे बदला, मग या." त्या दिवशीचे अलाइनमेंटचे पैसे बुडतील, पण तो माणूस आयुष्यभर तुमच्याकडेच येईल. आणि बिलावर एक ओळ छापा: सांधे तपासले, ठीक आहेत किंवा नाहीत. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी सौदा करण्याआधी हीच ओळ मागावी. इंजिनचा आवाज ऐकून गाडी घेणारे खूप, खाली वाकणारे कमी.

शेवटची सूचना आपल्या दैनिकासाठी आणि शहरातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी. डोळे, रक्तदाब, साखर तपासणीची शिबिरे आपल्याकडे वर्षभर होतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी आणि आषाढीला पंढरपूरकडे गाड्या निघण्याआधी होम मैदानावर एखाद्या रविवारी जुन्या गाड्यांच्या स्टेअरिंगची मोफत तपासणी ठेवावी. मोटार मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना हाताने सांधा ओळखण्याचा सराव मिळेल, आणि लोकांना आपल्या गाडीखाली काय चालले आहे ते समोर दिसेल. आपण पुढाकार घेतलात तर माझ्या ओळखीचे दोन मिस्त्री यायला तयार आहेत, मी त्यांना विचारले आहे. जॅक, स्टँड आणि तो जुना एंड घेऊन मीही सकाळी आठला हजर असेन.

आपला,
एक निवृत्त जॉबर आणि नियमित वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर